कोऱ्या पुष्पगुच्छाच्या कैवाऱ्यांस

फुलांबरोबर चार ओळींची चिठ्ठी धाडण्याचा प्रघात हा परकीयांच्या अनुकरणातून आलेला एक भावनाविलास असून, ज्याला खरोखर काही वाटते त्याला ते लिहून दाखविण्याची गरज भासत नाही, किंबहुना लिहून दाखविले की त्या वाटण्यातला अस्सलपणा तेवढ्या प्रमाणात उणावतो, असे एक मत अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या बैठकींतून अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाऊ लागले आहे. हे मत मांडणारे गृहस्थ बहुधा एखाद्या सेवानिवृत्तीच्या सत्काराला किंवा लग्नाच्या स्वागतसमारंभाला, हाती चकचकीत कागदात गुंडाळलेला जरबेराचा गुच्छ घेऊन रांगेत उभे असतात. गुच्छाला टाचलेल्या टीचभर कार्डावर छापील इंग्रजी शुभेच्छेखाली दुकानातल्या पोऱ्याने त्यांचे आडनाव खरडलेले असते, तेही पुष्कळदा चुकीचे. आणि 'फुलं देल्ली ना भाऊ, मंग लिवाचं कायले?' या एका प्रश्नात ते सारा मामला निकालात काढतात. प्रश्न खमंग आहे आणि वऱ्हाडी बोलीत तो अधिकच खमंग लागतो यात संशय नाही. परंतु खमंगपणा हा काही पुरावा नव्हे. सबब या पक्षाची कैफियत नीट ऐकून घेऊन तिला सविस्तर जबाब देणे मला अवश्य वाटते.

या पक्षाचा सर्वांत लाडका मुद्दा असा की फूल स्वतःच बोलते. ज्यांना हा मुद्दा स्वयंसिद्ध वाटतो त्यांनी पारिजातकाची कथा पुन्हा एकवार आठवावी. नारदाने स्वर्गीय पारिजातकाचे फूल श्रीकृष्णास आणून दिले, श्रीकृष्णाने ते जवळ असलेल्या रुक्मिणीस दिले, आणि त्या फुलासोबत कोणीही एक अक्षर जोडले नाही. परिणाम काय झाला? तेच फूल रुक्मिणीशी एक बोलले, सत्यभामेशी दुसरेच बोलले आणि नारदाशी, ज्याचे येणेच मुळी निर्हेतुक नव्हते, तिसरेच बोलले. सत्यभामा रुसली, इंद्राशी युद्धप्रसंग ओढवला, स्वर्गीचा वृक्ष मुळासकट उपटून द्वारकेत आणावा लागला, आणि एवढा खटाटोप करूनही, आमच्या आयाबायांच्या सांगण्याप्रमाणे, झाड सत्यभामेच्या अंगणात व फुलांचा सडा रुक्मिणीच्या, असा तो तंटा तसाच शिल्लक राहिला. 'तू जवळ होतीस म्हणून दिले' किंवा 'तुलाच द्यावयाचे होते म्हणून दिले', यांपैकी कोणतीही एक ओळ वेळीच उच्चारली गेली असती, तर अमरावतीवरची (इंद्राच्या, आमच्या नव्हे) ती स्वारी टळली असती. फूल बोलते हे खरेच आहे. पण ते ज्याच्या त्याच्या मनातले बोलते, देणाऱ्याच्या मनातले नव्हे.

बरे, फुलांना भाषा असते या कल्पनेचा उगम तरी कोठला? इ. स. १७१८ मध्ये इस्तंबूलहून लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज राजदूताच्या पत्नीने आपल्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तुर्की अंतःपुरांतील एका गुप्त प्रेमपत्राचे वर्णन केले आहे. त्या पत्रात शब्द नव्हते. मोती, लवंग, फुले अशा वस्तू एका थैलीत घातलेल्या होत्या. पण आमचे मित्र ज्याकडे कानाडोळा करतात तो तपशील असा, की त्या प्रत्येक वस्तूशी एकेक यमकबद्ध ओळ संकेताने निगडित होती, आणि ती ओळ मुखोद्गत नसेल तर थैलीतला माल म्हणजे किराणा दुकानातली पुडी. म्हणजे तेथेही बोलणारे फूल नव्हतेच; बोलत होते ते पद्य. पुढे १८१९ मध्ये पॅरिसला शार्लोट द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेचा कोश निघाला, त्याच्यामागून इंग्लंडात व अमेरिकेत अशा कोशांचे पीक आले, आणि एका कोशात जे फूल एक अर्थ सांगे ते दुसऱ्यात भलताच सांगू लागले. १९१० मध्ये अमेरिकेतील पुष्पविक्रेत्यांनी तारेने मागणी घेऊन दूरच्या गावी फुले पोचविण्यासाठी एक मंडळी स्थापन केली, व पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथील व्यापाऱ्यांनी 'जे सांगायचे ते फुलांनी सांगा' अशा आशयाची जाहिरात देशभर गाजविली. तेव्हा 'फूल स्वतःच बोलते' हे जे सूत्र आमचे स्वदेशाभिमानी मित्र परकीय चिठ्ठीविरुद्ध ढालीसारखे पुढे करतात, ते आर्षवचन नसून परदेशी व्यापाऱ्यांच्या जाहिरातीचा शिळा तुकडा आहे. आणि मौज अशी की त्या व्यापाऱ्यांनी स्वतः मात्र गुच्छाबरोबर चिठ्ठी जोडण्याची तजवीज कधी बंद केली नाही.

परकीयपणाचा हिशेबच मांडावयाचा, तर तो पुरता मांडावा. हातातला जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. चकचकीत कागद, फीत आणि खालचा ओला स्पंज हे सारे आयात केलेल्या रिवाजाचे. त्यांत एतद्देशीय म्हणून काही असलेच तर ती चिठ्ठीच आहे, आणि नेमकी तीच आमच्या मित्रांना परदेशी वाटावी हा दैवदुर्विलास होय. भेटवस्तूवर लिहिण्याची चाल आपली नाही असे म्हणणाऱ्याने घरी जाऊन स्वयंपाकघरातील फडताळ उघडावे आणि आईच्या लग्नातील पातेले उजेडात धरावे. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेले वधूवरांचे नाव, मिती, आणि 'यांजकडून सप्रेम भेट' हा मजकूर तेथे आढळेल; भांड्यांच्या दुकानदाराने तो कोरून दिला, मामाने पाहून घेतला, आणि त्या पातेल्यात तीन पिढ्यांचे वरण शिजले तरी तो पुसला गेला नाही. मांडवाच्या दाराशी वही घेऊन आहेर लिहायला बसणारा काका काय फ्रान्सातून आला होता? लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, खाली स्वहस्ताक्षरात 'मुलाबाळांसह अगत्य येणे' असे लिहिल्यावाचून आमंत्रण पुरे न मानणारी आत्या कोणाचे अनुकरण करीत होती?

आणि वऱ्हाडच्या माणसाने तर हा आक्षेप घेऊच नये. वर्धा नदीच्या काठचे, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर हे ज्या भीमकराजाची राजधानी मानले जाते, त्याच्या कन्येने लिहिलेले पत्र सबंध भारतवर्षातील मनोगतपत्रांचे मुकुटमणी होय. भागवताच्या दशम स्कंधात अवघ्या सात श्लोकांत ते बसले आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले अशी या गावाची श्रद्धा आहे. मोर्शी तालुक्यातील ऋद्धपुरास, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, महदंबेने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे धवळे गायिले ते याच स्वयंवराचे. आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो तिच्या मुखी पहिला विषय आला तो या मुलीच्या धाडसाचा. रुक्मिणीने श्रीकृष्णाला हार पाठविला नाही, फुलांची परडी पाठविली नाही. फुले बोलतात यावर तिचा भरवसा असता, तर ती शिशुपालाच्या घरी नांदली असती.

या पत्रातील मजकुराचे स्वरूपही पाहण्याजोगे आहे, कारण 'मनोगत' म्हटले की अश्रू, चंद्र आणि विशेषणे यांचा पूर लोटलाच पाहिजे असा जो समज पसरला आहे त्याचा निरास त्याने आपोआप होतो. आपल्या अंतःकरणाची स्थिती या राजकन्येने आडपडदा न ठेवता सांगितली आहे. पण तितक्याच स्पष्टपणे तिने व्यवहारही सांगितला आहे: विवाह उद्यावर आला आहे, सैन्यासह पण गुप्तपणे यावे. अंतःपुरात शिरून मला नेऊ म्हटल्यास माझ्या आप्तांचा वध होईल, म्हणून कुलाचाराप्रमाणे विवाहाच्या आदल्या दिवशी नववधू नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनास जाते ती वेळ साधावी. स्थळ, काळ, अडचण आणि उपाय ही चारही त्यात आली. हे पत्र दुसऱ्या कोणत्याही मुलीला दुसऱ्या कोणत्याही पुरुषास धाडता आले नसते, आणि हीच, माझ्या मते, मनापासून लिहिलेल्या मजकुराची एकमेव कसोटी आहे. जो मजकूर नाव बदलून शेजारच्या घरी पाठविता येईल तो कितीही गोड असला तरी मनापासून लिहिलेला नव्हे.

आपल्या जुन्या कवींना ही कसोटी पक्की ठाऊक होती. रामगिरीवरील यक्षाने, म्हणजे म. म. वा. वि. मिराशींच्या मताप्रमाणे आमच्याच विदर्भातील रामटेकच्या डोंगरावर उभ्या राहिलेल्या त्या विरही जिवाने, मेघाला प्रथम कुड्याच्या ताज्या फुलांचे अर्घ्य दिले. फूल देऊन झाले. मग तो गप्प बसला काय? कालिदासाने त्याच्या तोंडी सबंध काव्य घातले, आणि निरोपाच्या अखेरीस, हा निरोप खरोखर आपल्या पतीचाच आहे अशी पत्नीची खात्री पटावी म्हणून, एक अगदी खाजगी आठवण सांगितली: एकदा ती झोपेतून रडत उठली होती, आणि कारण विचारता, स्वप्नात तुम्हाला दुसरीसमवेत पाहिले असे हसत म्हणाली होती. एवढी गोष्ट त्या दोघांवाचून तिसऱ्या कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. अशोकवनातील सीतेनेही हनुमंताजवळ चूडामणी दिला, पण केवळ रत्नावर न विसंबता चित्रकूटावरील त्या कावळ्याची हकिकत सांगितली, जी रामाखेरीज कोणी जाणत नव्हता. रत्न चोरता येते, फूल विकत घेता येते. आठवण तेवढी ज्याची त्यालाच सांगता येते. ज्यांना कार्डावर काय लिहावे हे सुचत नाही त्यांनी विशेषणे शोधीत बसू नये. निवृत्त होणाऱ्या शिक्षकास 'आपण ज्ञानाचे महासागर आहात' असे लिहिण्यापेक्षा, 'आठवीत माझा प्रमेय फळ्यावर चुकला तेव्हा आपण खडू काढून न घेता दुसरा दिलात' असे लिहावे. महासागर कोणत्याही शिक्षकास म्हणता येते, आणि वर्षातून दहा जणांस म्हटलेही जाते.

येथे प्रतिपक्ष आपला सर्वांत धूर्त युक्तिवाद पुढे करतो. तो म्हणतो की आपले पूर्वजही ठरीव शब्दच लिहीत. तीर्थरूपास 'साष्टांग नमस्कार', धाकट्यास 'अनेक आशीर्वाद', शेवटी 'लोभ असावा ही विनंती', हा शिरस्ता शेकडो वर्षे चालला आणि हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक तर मायन्यांची नियमावलीच होय. मग छापील कार्डावरील ठरीव शुभेच्छेला नाके मुरडण्याचे कारण काय? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु त्यात मायना आणि मजकूर यांची बेमालूम गल्लत केलेली आहे. मायना हा देवडीसारखा होता. पादत्राणे काढून तेथून आत जावयाचे. देवडीतच कोणी मुक्काम करीत नसे. 'वि. वि.' ही दोन अक्षरे पडली की आत खरे घर लागे: पाऊस लांबला, सरकी दुबार टोबावी लागली, गाय व्याली, सगुणेचा खोकला अजून जात नाही, तुझ्या मनीऑर्डरीतून सावकाराचे भागले. छापील कार्ड हे नुसत्या देवडीवर थांबलेले पत्र आहे.

मायन्यावरच अडून बसले म्हणजे काय होते याचा दाखलाही आपल्या परंपरेनेच जपून ठेवला आहे. चौदाशे वर्षांचे तपस्वी म्हणून सांगितले जाणारे चांगदेव ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास बसले. वयाने आपण मोठे, अधिकाराने तो मोठा. आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरेना. आणि त्या विवंचनेत त्यांनी कोरा कागदच पाठवून दिला. कोऱ्या पत्राला आज जे 'शब्दातीत' वगैरे म्हणून गौरवितात त्यांनी मुक्ताबाईचा अभिप्राय विसरू नये. इतकी वर्षे तप करून हा कोराच राहिला, असे ती म्हणाल्याचे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. आणि ज्ञानेश्वरांनी काय केले? कोऱ्यास कोरे परत धाडले नाही. पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले.

ठरीव शब्दांना एके काळी सबळ कारण होते हे मात्र प्रांजळपणे मान्य करावयास हवे. तारखात्याने शुभेच्छांच्या वाक्यांची क्रमांकवार यादीच करून ठेवली होती. पोस्टाच्या भिंतीवर ती लटकत असे, आपण अर्जावर नुसता आकडा घालावा आणि पलीकडे लग्नघरी सबंध वाक्य उतरावे. शब्दागणिक दाम मोजावा लागत असल्यामुळे ती काटकसर होती, आणि गरिबाची काटकसर ही उपहासाची गोष्ट नव्हे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आज कार्डावर एक शब्द लिहा की चाळीस लिहा, फुलांची किंमत तीच. कारण सरले, कंजूषी तेवढी राहिली. त्याहून पुढची मजल अशी की पुण्या-बंगळुरास किंवा त्याहूनही दूर नोकरीनिमित्त असलेला मुलगा अमरावतीतल्या आईबापांच्या लग्नाच्या वाढदिवसास फोनवरून फुले नोंदवितो आणि सोबतचा मजकूर यंत्राकडून तयार करून घेतो. यंत्राचा मसुदा शुद्ध असतो, व्याकरणास हरकत घेण्यास जागा नसते, 'आपल्या सहजीवनाचा हा सुगंध' वगैरे प्रास साधलेले असतात. परंतु त्या बापाने याच मुलाला सायकलच्या दांड्यावर बसवून राजकमल चौकातून शाळेत पोचविले होते, ही गोष्ट यंत्राला कोणी सांगितलेली नसते. ती ज्याला ठाऊक होती त्याने लिहिण्याचा कंटाळा केला.

सर्वांना लिहिता येत नाही, ही सबब त्या मानाने सहृदय आहे, म्हणून तिचा विचार सहृदयतेनेच केला पाहिजे. पाव आण्याचे पोस्टकार्ड या देशात १८७९ मध्ये सुरू झाले तेव्हा ते विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. तरी खेडोपाडी मास्तर, तलाठी किंवा खुद्द पोस्टमन यांच्या पुढ्यात बसून माणसे सांगत गेली व पत्रे लिहिली गेली, आणि त्या पत्रांत सांगणाऱ्याचाच सूर उमटला, मास्तरांचा नव्हे. आमच्याच माधानच्या गुलाबराव महाराजांचे नेत्र तान्हेपणी गेले. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या पुरुषाने शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेतले, आणि त्यातील विचार लेखनिकांचे होते असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. हात दुसऱ्याचा असेना का, सांगणे स्वतःचे असले म्हणजे झाले. दुकानातला पोऱ्या 'काय लिहू?' असे विचारतो तेव्हा तो नकळत त्या जुन्या मास्तरांच्याच पाटावर बसलेला असतो. 'टाक काही बी' हे उत्तर देऊन त्याला तेथून उठविणारे आपण.

राहता राहिला वऱ्हाडी स्वभावाचा मुद्दा, आणि प्रतिपक्षात जे काही खरे बळ आहे ते येथे आहे. हा मुलूख बोलून दाखविणाऱ्यांचा नाही. येथले खरे फूल पऱ्हाटीचे: पहिल्या दिवशी पिवळे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, आणि हजारो एकरांवर ते फुलत असूनही कोणी कोणास देत नाही, कारण फूल खुडले की बोंड गेले. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याच्या ओसरीवर जाऊन घटकाभर मुक्याने बसणारा, पेरणीच्या दिवसांत न सांगता आपली बैलजोडी धाडणारा, पाहुण्याला रोडग्यावर रोडगा वाढून आग्रहाने बेजार करणारा माणूस कार्ड लिहीत नाही, आणि त्याने लिहावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. हातातून हातात फूल जाते, नजरेला नजर भिडते, तेथे कागद मध्ये आणणे म्हणजे समोर बसलेल्या माणसाला टपालाने निरोप पाठविण्यासारखे होईल. परंतु जो स्वतः आला नाही, ज्याने पैसे मोजून फुले तिऱ्हाइताकरवी पोचविली, किंवा तीनशे माणसांच्या रांगेत उभा राहून जो दोन पळांत व्यासपीठावरून उतरला, त्याच्या अबोलपणाला ओसरीवर बसलेल्या त्या शेतकऱ्याचे मौन म्हणता येणार नाही. त्या मौनामागे माणूस बसलेला होता. या मौनामागे केवळ पावती आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयाच्या मागील दारी गुच्छांचा जो ढीग पडतो त्यात कोणता कोणाचा हे यजमानाला सांगता येत नाही, आणि सांगता यावे असा त्या गुच्छांत काही भेदही नसतो.

वऱ्हाडी बोली लिहिण्याच्या कामाची नाही, कार्डावर शुद्ध पुस्तकी मराठीच शोभते, असाही एक भित्रा समज या अबोलपणाच्या मुळाशी दडलेला आढळतो. तो खोटा आहे. 'माय, तुह्या हातचे रोडगे आठोले' एवढे एक वाक्य, ज्या अक्षरात जमेल त्या अक्षरात, ज्या आईस मिळेल तिला त्यातील व्याकरण तपासण्याची फुरसत होणार नाही.

फुलविक्रेत्यांविषयी माझी तक्रार किरकोळ पण नेमकी आहे. गुच्छाला जी कार्डे अडकविली जातात ती इतकी गुळगुळीत असतात की त्यांवर शाई टिकत नाही, आणि इतकी लहान की छापील शुभेच्छा वगळता सहीपुरतीही जागा उरत नाही. गल्ल्याजवळची लेखणी दोऱ्याने बांधलेली असते आणि बहुधा उठत नाही. अंबादेवीच्या वाटेवरील हारवाल्यांपासून अकोल्याच्या काचबंद दुकानांपर्यंत सर्वांनी पोस्टकार्डाएवढा साधा, खरखरीत, कोरा कागद आणि चालती लेखणी ठेवावी. इंग्रजी छापील मजकुराचा खर्च तेवढाच वाचेल. पुढच्या दसऱ्याच्या गर्दीत हे जमणार नाही हे मी जाणतो. लग्नसराईपूर्वी जमण्यास अडचण दिसत नाही.